डोळ्याच्या पडद्याचा फोटो कशासाठी?



कुणी नुकत्याच शेतातून आल्या असाल, कुणी भाकरी थापत असाल, कुणी शिलाई मशीनवर बसल्या बसल्या आपला कार्यक्रम ऐकत असाल. मागच्या दोन भागांत आपण साखरेच्या आजारावर, म्हणजे मधुमेहावर बोललो. त्यानंतर आम्ही ज्या ज्या गटाच्या बैठकीला गेलो, तिथे एक प्रश्न हमखास आला. 'ताई, साखर तर रक्तात असते. मग आशाताई डोळ्याचा फोटो काढून घ्या म्हणून मागे का लागतात? आम्हाला तर लांबचं, जवळचं सगळं दिसतंय.'

प्रश्न रास्त आहे. दुखत नाही, खुपत नाही, मग एका दिवसाची मजुरी बुडवून दवाखान्यात का जायचं? म्हणून आजचा भाग या फोटोवर. तो कसला असतो, त्यात काय दिसतं, कुणी आणि कधी काढून घ्यायचा, आणि फोटो काढल्यावर पुढे काय करायचं, हे आपण एकेक करून समजून घेऊ.

आधी एक घोटाळा दूर करू. आधारकार्ड काढताना यंत्रात डोळा दाखवला होता, तो हा फोटो नव्हे. आधारचं यंत्र डोळ्याच्या बाहेरून दिसणाऱ्या रंगीत भागाची, बुबुळाची खूण टिपतं. ती ओळख पटवण्यासाठी. आज आपण बोलतोय तो फोटो डोळ्याच्या आतला आहे.

पडदा म्हणजे काय

बुबुळाच्या मधोमध काळं गोल दिसतं, त्याला आपण बाहुली म्हणतो. खरं तर ती खिडकी आहे. उजेड तिच्यातून आत जातो. तिच्या मागे एक पारदर्शक भिंग असतं. वयाप्रमाणे ते धूसर झालं की आपण म्हणतो मोतीबिंदू झाला. त्याच्याही मागे, डोळ्याच्या आतल्या पाठीला, कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पडदा चिकटलेला असतो. समोरचं चित्र या पडद्यावर पडतं, आणि तिथून एका जाड नसेतून मेंदूकडे जातं. मोतीबिंदू झाला तर भिंग बदलता येतं. पडदा बदलता येत नाही. जन्मताना मिळालेला तोच शेवटपर्यंत वापरायचा.

या पडद्याला रक्त पुरवणाऱ्या केसाहून बारीक वाहिन्या आहेत. रक्तवाहिन्या अंगभर असतात, पण कातडी न कापता, सुई न टोचता त्या उघड्या डोळ्यांसमोर दिसाव्यात अशी जागा शरीरात ही एकच. म्हणून पडदा पाहिला की नजरेचं तर कळतंच, शिवाय साखरेनं आणि रक्तदाबानं अंगातल्या बारीक वाहिन्यांचं काय केलंय याचाही अंदाज येतो.

पूर्वी जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत कुणालाच पाहता येत नव्हतं. १८५१ साली जर्मनीतल्या हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञानं आत उजेड टाकून पडदा पाहण्याचं साधन लोकांपुढे मांडलं. १९२६ मध्ये झाइस या जर्मन कंपनीनं पडद्याचा फोटो काढणारा कॅमेरा विकायला आणला. त्याला फंडस कॅमेरा म्हणतात. बरीच वर्षं हा कॅमेरा म्हणजे टेबलाएवढं यंत्र होतं, मोठ्या दवाखान्यातच असायचं. आता हातात धरायचे आणि मोबाइलला जोडायचेही कॅमेरे आलेत. त्यामुळेच गावातल्या शिबिरापर्यंत हा फोटो येऊ शकतो.

साखर पडद्याचं काय करते

ठिबकच्या नळ्या आठवा. दोन उन्हाळे गेले की एखाद्या नळीत क्षार साचतो आणि छिद्र बुजतं. दुसरीकडे नळी कमजोर होऊन फुगते आणि नको तिथे पाणी झिरपतं. शेताच्या कडेला उभं राहून पाहिलं तर पीक हिरवंच दिसतं. ज्या झाडाला पाणी मिळालं नाही ते माना टाकतं तेव्हा आपल्याला कळतं.

पडद्यावर असंच होतं. रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की बारीक वाहिन्यांच्या भिंती कमजोर होतात. जागोजागी फुगवटे येतात. फोटोत ते लाल टिंबासारखे दिसतात. त्यातून रक्त आणि पाणी झिरपतं, पाण्याबरोबर आलेली चरबी पिवळसर ठिपक्यांच्या रूपात साचते. काही वाहिन्या बंद पडतात. पडद्याचा तेवढा भाग उपाशी राहतो. उपाशी भागाला रक्त मिळावं म्हणून शरीर नव्या वाहिन्या फोडतं, पण त्या फार नाजूक असतात. त्या फुटल्या की डोळ्यात रक्त उतरतं आणि एका रात्रीत समोर अंधार होऊ शकतो. रक्ताच्या जागी पुढे वळ धरतात, ते आकसतात आणि पडद्याला ओढून जागेवरून सोडवतात.

आता यातली कळीची गोष्ट ऐका. फुगवट्यापासून नव्या वाहिन्यांपर्यंतचा हा प्रवास बऱ्याचदा काही वर्षांचा असतो. त्या सगळ्या काळात डोळा दुखत नाही, लाल होत नाही, पाणी येत नाही. पडद्याचा मधला, बारीक पाहण्याचा भाग शाबूत आहे तोवर सुईत दोरासुद्धा ओवता येतो. म्हणून 'मला दिसतंय' एवढ्यावरून पडदा ठीक आहे असं म्हणता येत नाही. उपचार सर्वात जास्त उपयोगी पडतात ते याच काळात, जेव्हा आपल्याला दवाखान्यात जावंसं वाटत नाही.

हे किती जणींच्या बाबतीत होतं? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. २०२२ मध्ये आणखी एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात चाळिशी ओलांडलेल्या लोकांचे पडदे तपासले होते. मधुमेह असलेल्या दर १०० जणांत १२-१३ जणांच्या पडद्यावर बिघाड सापडला, आणि १०० पैकी ४ जणांचा बिघाड नजर जाण्याइतका पुढे गेलेला होता. दहा-बारा बायकांच्या आपल्या गटात हा आकडा छोटा वाटेल. गावातल्या साखरेच्या सगळ्या पेशंटचा हिशेब केलात तर आपल्या ओळखीच्या दारापर्यंत पोचतो.

फोटो कसा काढतात

भीती वाटते ती मुख्यतः माहीत नसल्यामुळे. तर ऐका. खुर्चीवर बसवतात. मोठं यंत्र असेल तर हनुवटी एका पट्टीवर टेकवायची. छोटा कॅमेरा असेल तर ताई तो डोळ्यासमोर धरतात. एका ठिपक्याकडे पाहायला सांगतात. क्षणभर लख्ख उजेड पडतो, वीज चमकल्यासारखा. झालं. कॅमेरा डोळ्याला लागत नाही. यात एक्स-रेचे किरण नाहीत, साधा प्रकाश आहे. दोन्ही डोळ्यांचे मिळून काही मिनिटांत होतं.

बाहुली लहान असेल तर ती मोठी व्हावी म्हणून आधी थेंब घालतात. थेंब थोडे झोंबतात. त्यानंतर काही तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही. म्हणून त्या दिवशी सोबत कुणाला तरी न्या, डोक्यावरचा पदर पुढे ओढा किंवा गॉगल असेल तर घाला, आणि गाडी चालवू नका. हा त्रास त्या दिवसापुरता असतो.

इथे आणखी एक गोष्ट वेगळी करून सांगतो. पाटीवरची अक्षरं वाचायला लावून चष्म्याचा नंबर काढतात, ती तपासणी वेगळी. गावात चष्मेवाले येतात, नंबर काढतात, आणि आपण घरी सांगतो की डोळे तपासून आले. नंबर म्हणजे भिंगाचा हिशेब. पडदा कुणी पाहिलेलाच नसतो. त्यातून रक्तातली साखर फार वरखाली होत असेल तर चष्म्याचा नंबरही बदलत राहतो. म्हणून आधी साखर आटोक्यात आणावी, मग चष्मा करावा, नाहीतर पैसे वाया जातात.

फोटोत काय काय कळतं

निरोगी पडद्याचा फोटो नारिंगी-लालसर दिसतो. त्यात एका बाजूला फिकट पिवळा गोल असतो, पुनवेच्या चंद्रासारखा. ती मेंदूकडे जाणारी नस. तिथून रक्तवाहिन्या झाडाच्या फांद्यांसारख्या पसरतात. मधोमध गडद ठिपका दिसतो, तो बारीक नजरेचा भाग.

साखरेच्या खुणा आपण पाहिल्या. त्याशिवाय काचबिंदूची शंका या फोटोवरून घेता येते. तो पिवळा गोल आहे ना, त्याच्या मध्ये वाटीसारखा छोटा खळगा असतो. काचबिंदूमध्ये नसेचे तंतू मरतात तशी ही वाटी मोठी आणि खोल होत जाते. काचबिंदूत बहुतेक वेळा आधी कडेची नजर जाते, समोरचं शेवटपर्यंत दिसतं, म्हणून तोही गुपचूप वाढतो. गेलेली नजर परत येत नाही, पण औषधानं पुढचं नुकसान थोपवता येतं. आईवडील किंवा सख्ख्या भावंडांत कुणाला काचबिंदू असेल तर आपला धोका जास्त, हे लक्षात ठेवा. फोटोवरून फक्त शंका येते. नक्की करायला डोळ्याचा दाब आणि नजरेचा आवाका मोजावा लागतो.

रक्तदाब बरीच वर्षं वाढलेला असेल तर वाहिन्या आक्रसलेल्या, एकमेकींवर दाबलेल्या दिसतात, कधी रक्ताचे ओरखडे दिसतात. म्हातारपणात पडद्याचा मधला भाग झिजतो, त्याच्याही खुणा फोटोत येतात.

काय कळत नाही तेही सांगायला हवं. चष्म्याचा नंबर यातून कळत नाही. डोळ्याचा दाब कळत नाही. मोतीबिंदू घट्ट झाला असेल तर फोटो धुरकट येतो, कारण खिडकीच मळलेली असते. 'फोटो नीट आला नाही' असं कागदावर लिहिलं असेल तर त्याचा अर्थ डोळा चांगला आहे असा घेऊ नका. त्या बाईनंही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंच असतं. आणि पडद्याला सूज किती आहे हे साध्या फोटोत नीट मोजता येत नाही. त्यासाठी ओसीटी नावाची तपासणी आहे, ती १९९१ पासून जगाला माहीत झाली. चिरोटा मोडल्यावर जसे त्याचे पदर मोजता येतात, तसे पडद्याचे थर त्यात दिसतात. तीही प्रकाशानंच करतात, दुखत नाही. गरज पडली तर डॉक्टर सांगतात.

फोटो वाचतं कोण

फोटो काढायला डॉक्टरच लागतात असं नाही. शिकवलेला कर्मचारी काढू शकतो. तो फोटो दूर शहरात बसलेले डॉक्टर पाहतात. पण पडद्याचे डॉक्टर थोडे आणि पेशंट फार, म्हणून आता संगणकालाही फोटो वाचायला शिकवलंय. डॉक्टरांनी तपासून शेरे दिलेले हजारो फोटो त्याला दाखवायचे, मग नव्या फोटोतल्या खुणा तो ओळखू लागतो. २०१६ मध्ये गुगलच्या संशोधकांनी अशा कामाचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांनी सुमारे १ लाख २८ हजार फोटो वापरले होते, आणि त्यात आपल्या देशातल्या अरविंद, शंकर नेत्रालय आणि नारायण नेत्रालय या रुग्णालयांतले फोटोही होते.

आपल्याला जवळचं उदाहरण मुंबईचं. तिथल्या महापालिकेच्या दवाखान्यांत, डॉ. एस. नटराजन आणि त्यांच्या आदित्य ज्योत संस्थेच्या लोकांनी एक प्रयोग केला. आरोग्य कर्मचाऱ्यानं मोबाइलच्या कॅमेऱ्यानं मधुमेही लोकांच्या पडद्याचे फोटो काढले. मोबाइलमधल्याच कार्यक्रमानं, इंटरनेटशिवाय, जागेवर उत्तर दिलं. तेच फोटो नंतर डॉक्टरांनीही वाचले. २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. २१३ जणांचे फोटो तपासले होते. ज्यांना मोठ्या डॉक्टरांकडे पाठवायलाच हवं होतं, त्यांतला एकही यंत्राच्या नजरेतून सुटला नाही. मात्र ज्यांना पाठवायची गरज नव्हती, अशा दर १०० जणांत ११-१२ जणांना यंत्रानं विनाकारण 'पाठवा' म्हटलं.

या दोन आकड्यांचा आपल्यासाठी अर्थ काय? यंत्रानं 'पुढे तपासून घ्या' म्हटलं म्हणजे डोळा गेला असं नाही. धान्य चाळताना चाळणीवर राहिलेला प्रत्येक दाणा खडा नसतो, पण हातात घेऊन पाहावा तर लागतो. तसंच हे. घाबरायचं नाही, पण जायचं. आणि यंत्रानं 'ठीक' म्हटलं तरी ते या वर्षापुरतं. २१३ माणसांवरचा अभ्यास म्हणजे जन्माची हमी नव्हे. पुढच्या वर्षी पुन्हा फोटो काढायचा.

कुणी आणि कधी

मोठेपणी होतो तो मधुमेह निघाला की लगेच, त्याच महिन्यात पडदा तपासून घ्यायचा. कारण आजार कळण्याआधी कितीतरी वर्षं साखर वाढलेली असू शकते. त्यानंतर दर वर्षी एकदा. बिघाड सापडला तर डॉक्टर सांगतील तेवढ्या लवकर. लहानपणापासून इन्शुलिनवर असलेल्या मुलांची तपासणी साधारण आजार सुरू झाल्यावर पाच वर्षांनी सुरू करतात.

दिवस राहण्याआधीपासूनच मधुमेह असलेल्या बाईनं गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत पडदा दाखवावा आणि पुढेही डॉक्टर सांगतील तेव्हा दाखवत राहावं. गरोदरपणात पडद्याचा बिघाड वेगानं वाढू शकतो. ज्यांची साखर गरोदरपणातच पहिल्यांदा वाढली, त्यांना सहसा या फोटोची गरज नसते. पण बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी साखर पुन्हा तपासायला विसरू नका. बाळाच्या कौतुकात आईची तपासणी राहून जाते.

आता बाळांचं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या पडद्यावरच्या वाहिन्या पूर्ण वाढलेल्या नसतात. त्या बाहेर आल्यावर वेड्यावाकड्या वाढल्या तर बाळाची नजर कायमची जाऊ शकते. म्हणून ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल तर जन्मापासून ३० दिवसांच्या आत त्याचा पडदा तपासलाच पाहिजे. २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमपेक्षा हलकं असेल तर २ ते ३ आठवड्यांतच. शेजारच्या कर्नाटकात नारायण नेत्रालयानं २००८ पासून हे काम गावोगावच्या दवाखान्यांत नेलं. शिकवलेले तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन जातात, बाळांच्या पडद्याचे फोटो काढतात आणि बंगळुरूचे डॉक्टर ते पाहतात. आपल्याकडे बाळंतीण माहेरी असते, काचेच्या पेटीतून बाळ घरी आलं याचाच आनंद असतो, आणि तीस दिवस कसे जातात कळत नाही. तुमच्या गल्लीत असं बाळ आलं असेल तर 'डोळे दाखवले का?' एवढं जरूर विचारा. घरी सोडताना मिळालेल्या कागदावर तारीख लिहिलेली आहे का ते पाहा.

आणि वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना कधी गाठायचा? अचानक काळे ठिपके किंवा जाळी तरंगू लागली, वीज चमकल्यासारखं वाटलं, एका बाजूनं पडदा ओढल्यासारखा अंधार आला, सरळ रेषा वाकड्या दिसू लागल्या, किंवा एका डोळ्यानं एकाएकी कमी दिसू लागलं तर. अशा वेळी मध, एरंडेल, गुलाबपाणी असलं काही डोळ्यात घालत बसू नका.

कागद मिळाल्यानंतर

मैत्रिणींनो, आम्ही गटांचं काम करतो, त्यामुळे आमच्या डोळ्यासमोर शिबिरापेक्षा शिबिरानंतरचे दिवस जास्त येतात. फोटो निघतो. कागदावर 'जिल्हा रुग्णालयात दाखवा' असा शेरा येतो. तो कागद रेशनकार्डाच्या पिशवीत जातो आणि तिथेच राहतो. कारणं आम्हाला पाठ आहेत. कांदा काढायला आलाय. लेक बाळंतपणाला आलीय. थेंब घातल्यावर एकटीला दिसणार नाही आणि सोबत यायला कुणी मोकळं नाही. एसटीचं भाडं, दोघींची मजुरी. आणि सगळ्यात वरचं कारण, 'मला कुठं काय होतंय?' घरात पुरुषाचा कागद असता तर दुसऱ्या दिवशी गाडी निघाली असती, हेही आपण सगळ्या जाणतो.

आमच्या एका गटातल्या बाई ब्लाउज शिवून घर चालवतात. पन्नाशीच्या आतल्या. सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवतात. फोटोत नव्या नाजूक वाहिन्या निघाल्या. त्या जायला तयार नव्हत्या, लग्नसराईचं काम अंगावर होतं. बैठकीत विषय निघाला. दोघींनी त्यांचे ब्लाउज वाटून घेतले, गटानं भाड्यापुरते पैसे दिले आणि एकजण सोबत गेली. लेझरच्या फेऱ्या झाल्या. आज त्या शिवतायत. दुसऱ्या गावातल्या एका आजींचं तसं झालं नाही. एका डोळ्यात रक्त उतरल्यावरच घरच्यांनी त्यांना नेलं. एवढ्या उशिरा गेल्यावर डॉक्टरांच्या हातात फार थोडं उरलं होतं.

उपचार काय असतात तेही सांगतो, म्हणजे भीती कमी होईल. पडद्याच्या उपाशी भागावर लेझरचे किरण देतात, त्यामुळे नाजूक वाहिन्या सुकतात. लेझर आहे ती नजर राखायला असतं. गेलेली परत आणायचं काम ते करत नाही, त्यामुळे 'लेझर केलं तरी फरक वाटला नाही' म्हणून फेऱ्या अर्ध्यात सोडू नका. मधल्या भागाला सूज असेल तर डोळा बधिर करून इंजेक्शन देतात. ती पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात. डोळ्यात रक्त साचलं किंवा पडदा सुटला तर शस्त्रक्रिया करतात. आणि या सगळ्याच्या मुळाशी साखर, रक्तदाब आणि चरबी आटोक्यात ठेवणं आहेच. नाहीतर फुटकी नळी जोडायची आणि क्षार तसाच सोडायचा, असं होईल. सरकारी दवाखान्यात यातलं काय मिळतं, कोणत्या योजनेत बसतं, हे जायच्या आधी आशाताईंना किंवा ग्रामीण रुग्णालयातल्या नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यांना विचारा. रेशनकार्ड, आधारकार्ड, साखरेचे जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्या.

नेमानं फोटो काढले आणि पेशंटला पुढे पोचवलं तर फरक पडतो, याचा पुरावा आहे. इंग्लंडमध्ये २००३ पासून मधुमेह असलेल्या लोकांना दर वर्षी पडद्याच्या फोटोसाठी बोलावण्याची पद्धत उभी केली. तोवर कामाच्या वयातल्या लोकांना आंधळं करणाऱ्या कारणांत तिथे मधुमेहाचा नंबर पहिला होता. २००९-१० च्या नोंदी पाहिल्या तेव्हा निदान पाच दशकांत पहिल्यांदा तो पहिल्या नंबरावरून खाली आलेला दिसला. तिथे सरकार पत्र पाठवून बोलावतं. आपल्याकडे असं पत्र येईल तेव्हा येईल. पण कुणाचा हप्ता कधी आहे हे आपल्या गटाला बरोबर ठाऊक असतं की नाही? मग कुणाचा पडदा कधी तपासायचा हेही ठेवता येईल.

आम्ही काही गटांत सुरू केलंय ते असं. इतिवृत्ताच्या वहीत मागच्या पानावर रकाने आखायचे. साखर आहे का, बीपी आहे का, पडद्याचा फोटो कोणत्या महिन्यात काढला, शेरा काय, पुढची तारीख कोणती, सोबत कोण जाणार. शेवटचा रकाना सर्वात महत्त्वाचा. नाव लिहिलं की जाणं होतं. तीन-चार जणींनी एकाच दिवशी जायचं, दोघींनी थेंब घालून घ्यायचे, दोघींनी हात धरायचा. भाड्याला अडचण असेल तर अंतर्गत कर्जातून द्यायचे. शेरा काय आला हे मात्र त्या बाईच्या मर्जीशिवाय बैठकीत मोठ्यानं वाचायचं नाही. आणि वहीत फक्त सभासदांची नावं नकोत. सासूबाई, नवरा, दीर, ज्यांना साखर आहे ते सगळे त्यात यावेत.

तर येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं यासाठी काढा. प्रत्येकीला विचारा: घरात साखर कुणाला आहे, त्यांचा पडदा शेवटचा कधी पाहिला, आणि पिशवीत एखादा जुना कागद पडलाय का. ज्यांचं वय तीसच्या पुढे आहे आणि साखर कधी तपासलीच नाही, त्यांनी आधी उपकेंद्रात जाऊन बोटाची तपासणी करून घ्या. प्रश्न असतील तर वहीत लिहून ठेवा, आमची ताई बैठकीला येईल तेव्हा तिच्याकडे द्या. पुढच्या भागात त्यांची उत्तरं देऊ. तोवर नमस्कार.